अठ्ठाविसावा दिवस

एका अभियांत्रिकी कॉलेजच्या काँक्रीट लॅबमध्ये, खिडकीखालच्या क्युअरिंग टँकमध्ये, म्हणजे काँक्रीट मुरवायच्या पाण्याच्या टाकीत, काँक्रीटचे सहा क्यूब पडून होते. पाण्यावर चुन्याचा पातळ पांढरा पापुद्रा धरलेला, खोलीभर ओल्या सिमेंटचा आणि साच्यांना लावायच्या तेलाचा वास. प्रत्येक क्यूबवर बॅचचं नाव, काँक्रीटची ग्रेड आणि टाकल्याची तारीख रंगवलेली होती. काँक्रीटची ताकद अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब मशीनखाली फोडून मोजतात; त्या तारखेपासून मोजलं तर तो दिवस उलटून महिना होऊन गेला होता. दारावर एक छापील कागद चिकटवलेला: शुक्रवारचं प्रॅक्टिकल ॲप्टिट्यूड ट्रेनिंगमुळे होणार नाही, सर्व विद्यार्थ्यांनी सेमिनार हॉलमध्ये उपस्थित राहावं, हजेरी सक्तीची. असे कागद आता पुष्कळ कॉलेजांच्या दारांवर दिसतात, त्याचं नवल वाटलं नाही. मनात रुतून बसलं ते टेबलावरच्या जर्नलांच्या गठ्ठ्यातलं. त्याच बॅचच्या जर्नलमध्ये अठ्ठावीस दिवसांची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ, म्हणजे दाब सोसायची ताकद, लिहिलेली होती. तीन आकडे, त्यांची सरासरी, खाली निष्कर्ष, समासात सही आणि तारीख. क्यूब मात्र अजून पाण्यातच होते, अख्खे.

न फोडलेल्या क्यूबची ताकद जर्नलमध्ये कुठून येते, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत असतं.

ती गेल्या वर्षीच्या जर्नलमधून येते. त्या जर्नलमध्ये ती त्याच्या आधीच्या वर्षीच्या जर्नलमधून आलेली असते. 'रीडिंग मिळाली का?' हा सबमिशनच्या आठवड्यातला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. रीडिंग 'घेतली का' असं कुणी विचारत नाही. पूर्वी शिकवताना मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास यायचा, 'सर, हे परीक्षेला येतं का?' आता त्याच जागी 'सर, हे प्लेसमेंटला विचारतात का?' असा प्रश्न येतो, आणि तो पहिल्या बाकावरून येतो. कॉलेज हे शिक्षणासाठी की करिअरच्या तयारीसाठी, हा वाद आपण वर्षानुवर्षं घालतोय. त्या वादाच्या भाषेत बोलायचं तर त्या शुक्रवारी शिक्षण बुडालं आणि करिअरची तयारी झाली, असा हिशेब कुणीही मांडेल. मला तो हिशेबच चुकीचा वाटतो. त्या शुक्रवारी दोन्ही बुडालं. झाली ती तिसऱ्याच एका गोष्टीची तयारी, निवड होण्याची.

हे पटण्यासाठी क्यूबचं प्रॅक्टिकल नीट केलं तर त्यात काय काय होतं, ते पाहायला हवं. १५० मिलिमीटरचे तीन क्यूब टाकायचे तर वाया जाणारा माल धरून बारा लिटरच्या आसपास काँक्रीट लागतं. एम-२०, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी चौरस मिलिमीटरमागे २० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटसाठी १:१.५:३ हे नेहमीचं प्रमाण घेतलं तर ५ किलो सिमेंट, साडेसात किलो वाळू, १५ किलो खडी आणि २.५ लिटर पाणी. वजन करून घेतलं, पाणी मोजून ओतलं, सगळं बरोबर केलं असं वाटतं. पण वाळू बाहेर पावसात भिजलेल्या ढिगातली असेल आणि तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर साडेसात किलो वाळूबरोबर जवळजवळ साडेतीनशे मिली पाणी गुपचूप आत गेलेलं असतं. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० वरून ०.५७ च्या पुढे गेलं. हातात थापीखाली काँक्रीट छान, मऊ लागतं, मुलांना बरं वाटतं. अठ्ठाविसाव्या दिवशी तोच क्यूब कमी भाराला फुटतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत आहे: वाळूतली ओल मोजून पाणी कमी करावं. ती ओळ वाचलेल्या मुलाला परीक्षेत दोन गुण मिळतात. जिच्या हाताखाली ते मऊ काँक्रीट कालवलं गेलं आणि जिने महिन्यानंतर तो क्यूब फुटताना पाहिला, ती मुलगी मात्र वाळूच्या ढिगात हात घातल्याशिवाय पुन्हा कधी पाणी ओतणार नाही.

पुढे साचा. आतून तेलाचा हात फिरवलेला, बोल्ट आवळलेले, कारण सांध्यातून सिमेंटचं पाणी गळलं की कडेला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. भरायचा तीन थरांत, साधारण पाच सेंटिमीटरचा एकेक थर, आणि १६ मिलिमीटरच्या सळईने प्रत्येक थराला निदान ३५ ठोके. पस्तीस ठोके तीन थर तीन साचे म्हणजे तीनशेहून जास्त ठोके होतात. बॅचमध्ये वीस मुलं असतात, दोघं ठोके मारतात, उरलेले फोनमध्ये असतात, आणि तिसऱ्या साच्यापर्यंत ठोके पस्तीसवरून पंधरावर आलेले असतात. हवा आत राहते. चोवीस तास ओल्या गोणपाटाखाली, मग साचा उघडून क्यूब पाण्यात. वय मोजायचं ते कोरड्या मालात पाणी घातलं त्या क्षणापासून. फोडायच्या दिवशी क्यूब टँकमधून काढून ओला असतानाच मशीनवर ठेवायचा, अंगावरची वाळूची कचकच पुसून. थापीने सारखी केलेली वरची बाजू मशीनच्या पट्टीखाली यायला नको, तो क्यूब आडवा करून साच्याला लागलेल्या गुळगुळीत बाजूंवर भार द्यायचा. वरची बाजू खडबडीत असते, भार दोनचार उंचवट्यांवरच बसतो आणि क्यूब आपल्या ताकदीआधीच जातो. भार मिनिटाला चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन या वेगाने चढवायचा, म्हणजे या आकाराच्या क्यूबला मिनिटाला सुमारे ३१५ किलोन्यूटन. घाईने चढवला तर आकडा वाढून येतो. हे सगळ्यांना सोयीचं असतं, म्हणून घाई होते. एम-२० चा क्यूब ४५० किलोन्यूटनला तरी तगायला हवा, आणि नीट डिझाइन केलेलं मिक्स असेल तर सरासरी ६०० च्या आसपास यावी. फुटल्यावर तुकडे बघायचे. चारही बाजू सारख्या सुटून मध्ये डमरूसारखा गाभा उरला तर भार सरळ बसला होता. एकच बाजू सोलून निघाली तर क्यूब तिरका ठेवला होता आणि तो आकडा धरायचा नाही. तीनपैकी एखादा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त सरकला तर तिन्ही क्यूबचा मिळून धरलेला तो नमुनाच बाद.

यात एक फार सोयीची गोष्ट आहे, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. अठ्ठावीस दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. शुक्रवारी टाकलेला क्यूब सात दिवसांनीही शुक्रवारीच फुटतो आणि अठ्ठावीस दिवसांनीही शुक्रवारीच. त्याच बॅचच्या, त्याच तासाला. टाइमटेबलमध्ये वेगळी सोय करावी लागत नाही. फक्त सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात क्यूब टाकायला हवेत. गणपतीनंतर टाकले तर अठ्ठाविसावा दिवस इन-सेमच्या, म्हणजे सत्रामधल्या परीक्षेत नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत जातो, आणि मग जर्नल गेल्या वर्षीचं.

आता ह्याला शिक्षण म्हणायचं की करिअरची तयारी? सिव्हिलची पदविका किंवा पदवी घेऊन साइटवर पाऊल ठेवलेल्या पोराला पहिल्या महिन्यात हेच काम दिलं जातं. चाळीस घनमीटरच्या स्लॅबला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे चार नमुने, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे बारा क्यूब. सात दिवसांचे हवे असतील तर ते वेगळे. मिक्सरची गाडी उभी, ठेकेदाराचा माणूस 'साहेब, थोडं पाणी मारू का, पंप जाम होतोय' म्हणत उभा. त्या वेळी 'नाही' म्हणायला अंगात बळ कुठून येतं? ०.५० चं ०.५७ झालेलं ज्याने स्वतः एकदा फोडून पाहिलंय, त्याच्याकडे ते असतं. मुलाखतीतही तेच. साइटवरून आलेला अनुभवी इंजिनिअर मुलाखतीला बसला असेल तर तो व्याख्या विचारत नाही. तो विचारतो, सात दिवसांचा निकाल कमी आला तर काय करशील? करून पाहिलेल्या मुलाला इथे बोलायला भरपूर असतं. सात दिवसांना साधारण दोनतृतीयांश ताकद यावी, ती आली नाही तर आधी क्यूबच नीट टाकला होता का ते बघेन, क्युअरिंग बघेन, मग अठ्ठावीसची वाट बघेन, तेही कमी आले तर कोअर, म्हणजे बांधलेल्या काँक्रीटमधूनच गोल तुकडा कापून काढून तपासायला सांगेन. पाठ केलेल्या उत्तराला दुसरा प्रश्न पेलत नाही.

सिव्हिलची निम्मी मुलं आयटीत जातात, त्यांना क्यूबचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. क्यूबचा थेट उपयोग नाही. पण चुकलेल्या निकालापासून मागे मागे जात, एका वेळी एकच गोष्ट बदलत कारण शोधणं हे सॉफ्टवेअरमधलं रोजचं काम आहे. प्रोग्रॅम अडला की पाच ठिकाणी एकदम बदल करणारा मुलगा आणि आधी तीच चूक पुन्हा घडवून दाखवणारा मुलगा, यांतला फरक टीम लीडला पहिल्या आठवड्यात कळतो. दुसऱ्या मुलाने हे कुठेतरी शिकलेलं असतं. ते काँक्रीटमध्ये शिकलं की हीट ट्रान्सफरच्या प्रयोगात, याला महत्त्व नाही. तिथेही तीच कथा आहे: हीटर चालू करून तापमान स्थिरावायला तास-दीड तास लागतो, दर दहा मिनिटांनी थर्मोकपलची रीडिंग घेत राहायचं, लागोपाठची रीडिंग सारखी यायला लागली की तीच खरी. प्रॅक्टिकलचा तास दोन तासांचा, पहिली पंधरा मिनिटं हजेरीत, म्हणून स्थिरावण्याआधीच पहिले आकडे उतरवले जातात आणि उत्तर पुस्तकाशी जुळेना म्हणून मागून दुरुस्त केले जातात. न जुळणारं उत्तर कडेने निसटलेल्या उष्णतेची बातमी देत होतं. ती बातमी वाचणं हाच त्या प्रयोगाचा धडा होता.

आणि सेमिनार हॉलमध्ये त्या शुक्रवारी काय चाललं होतं? काळ-काम-वेग, शेकडेवारी, नळ आणि टाकी, नातेसंबंधांची कोडी, इंग्रजीच्या गाळलेल्या जागा, मिनिटाला एक प्रश्न सोडवण्याच्या युक्त्या. यातलं गणित आठवी ते दहावीचं आहे. या चाचण्या गरजेच्या आहेत हे मला मान्य आहे. हजारो अर्जांतून काही शेकडे निवडायचे तर कंपनीला चाळणी लागणारच. पण चाळणीतून पडणं आणि काम येणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत. पहिल्याची तयारी मन लावून केली तर दोन महिन्यांत होते. ती आता दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक आठवड्यात पसरली आहे, आणि पसरताना तिने जागा घेतली ती प्रॅक्टिकलची, कारण थिअरीचा तास बुडाला तर अभ्यासक्रम मागे पडल्याचं दिसतं, प्रॅक्टिकल बुडालं तर जर्नल पूर्णच असतं.

हे लिहिताना दुसरी बाजू सतत डोळ्यांपुढे आहे, आणि ती हलकी नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली, आणि तालुक्यातालुक्यांतल्या मुलांना इंजिनिअर होण्याची वाट मिळाली. त्या वाटेचा खर्च घराने उचलायचा होता. पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सहा हजार सहाशेच्या घरात जातो, शिकत असतानाचं व्याज धरलं नाही तरी. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराची मुभा, नंतर हप्ता सुरू. आता दुसरा आकडा: वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज. घरी सांगितलं जातं 'महिना तीस हजार'. कागद उघडून बघू. समजा बेसिक महिना १५ हजार. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, महिना १८००, तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाला साडेआठ हजारांच्या वर, आणि ती मिळणार पुढे कधीतरी. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे ३६ हजार, कामगिरी आणि कंपनीची स्थिती बघून. विम्याचे पाच-सहा हजार. हे वजा केलं की महिन्याला २४ हजार उरतात; त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १८०० आणि २०० रुपये व्यवसाय कर. हातात बावीस हजार. त्यातून हप्ता गेला की साडेपंधरा हजारांत पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, डबा, बस आणि घरी थोडेफार पाठवायचे. ज्या घरात हा हिशेब रोज रात्री होतो, तिथे जाऊन 'शिक्षण हे ज्ञानासाठी असतं' असं सांगणं मला जमणार नाही. त्या घराचा पोरगा 'हे प्लेसमेंटला विचारतात का' असं विचारतो तेव्हा तो आळशी नसतो. तो घाबरलेला असतो.

म्हणूनच त्याला दाखवले जाणारे आकडे खरे असायला हवेत. एका शाखेत १२० विद्यार्थी आहेत असं धरा. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे साठ टक्के आणि एकही विषय मागे नाही, ही अट लावली की 'पात्र' उरतात ८०. त्यातले ७० नोंदणी करतात. कंपन्यांकडून ऑफर येतात ६६, पण बारा मुलांना दोन-दोन मिळालेल्या असतात, म्हणजे माणसं ५४. फलकावर ६६ भागिले ७० येतं: ९४ टक्के प्लेसमेंट. १२० मधून पाहिलं तर ४५ टक्के. त्यातही हातात असतं ते लेटर ऑफ इंटेंट, नोकरी देण्याचा इरादा कळवणारं पत्र. जॉइनिंगची तारीख नंतर येते, आणि मंदीच्या वर्षात महिनोन्महिने येत नाही. फलकावरचं सर्वांत मोठं पॅकेज एका मुलाचं असतं, बऱ्याचदा त्याने ते कॅम्पसबाहेर, स्वतःच्या खटपटीने मिळवलेलं. सरासरीही त्या एकाने फुगते. विचारायचा आकडा म्हणजे मध्यक, रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार.

बाजाराच्या मागे धावण्यात आणखी एक अडचण आहे, ती वेळेची. प्रवेश आजच्या बाजाराकडे बघून होतो आणि पदवी चार वर्षांनी हातात पडते. २०१९ मध्ये कॉम्प्युटरला प्रवेश घेतलेल्या मुलांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सीनिअर्सना दोन-दोन ऑफर मिळताना पाहिल्या, आणि स्वतः २०२३ मध्ये बाहेर पडली तेव्हा भरती आक्रसलेली होती. सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून काही कॉलेजांनी त्या शाखा बंद केल्या, लॅबची यंत्रं कोपऱ्यात सरकवली. ती यंत्रं पुन्हा उभी करायला पैसे लागतील आणि चालवणारे लॅब असिस्टंट तोवर निवृत्त झालेले असतील.

कॉलेज पूर्वी निव्वळ ज्ञानासाठी होतं आणि आता बिघडलं, असंही म्हणता येत नाही. पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजचं मूळ १८५४ च्या एका वर्गात आहे, आणि तो वर्ग सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून निघाला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेऊन पदव्या देणारं, शिकवणं कॉलेजांकडे. १८६२ च्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. त्या पदवीने सरकारी नोकरीचं दार उघडत होतं, आणि त्याच पदवीच्या वाचनातून अर्थशास्त्र, इतिहास, समाजसुधारणा यांवर आयुष्यभर लिहिणारा माणूसही घडला. दोन्ही एकाच इमारतीत. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथले वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोराला वर्ग आटोपून कामावर जाता येई. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. मुलं श्रम करत आणि त्यावर शिकत. मला ही दोन उदाहरणं वारंवार आठवतात, कारण दोन्ही ठिकाणी पोटाचा प्रश्न आजच्यापेक्षा बिकट होता, आणि तरी पोटासाठी वर्गाचा तास कापला नाही. तासाची वेळ बदलली. आजचं कॉलेज ती वेळ बदलायच्या ऐवजी तासच देऊन टाकतंय.

कला शाखेकडे या वादात कुणी बघत नाही, आणि तिथेच मला सर्वांत बोलकं उदाहरण दिसतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरं उघडली. महसुलाची कागदपत्रं, शाळांची रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या वह्या. त्यातल्या कितीतरी नोंदी मोडी लिपीत. आणि मग प्रशासनाला एकदम मोडी वाचणारी माणसं हवी झाली. मोडी महिनाभरात अक्षरओळखीपुरती येते. दप्तर वाचायला येत नाही. आधी ओळभर रेघ मारून तिच्याखाली अक्षरं लटकवत नेलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, आणि नेहमीचे शब्द अर्ध्यातच तोडलेले. तारीख फसली सनात असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढायचा, महिना कुठला आहे ते पाहून. हे येण्यासाठी निरनिराळ्या हातांची शेकडो पानं डोळ्यांखालून जावी लागतात. ज्यांनी ती आधीच वाचली होती, त्यांनी इतिहासाच्या ओढीने वाचली होती. त्यांना कुठल्याही प्लेसमेंट सेलने हा विषय सुचवला नव्हता. एखाद्या कुटुंबाचं प्रमाणपत्र, म्हणजे पुढच्या पिढीचं ॲडमिशन आणि नोकरी, त्यांच्या वाचनावर अवलंबून राहिलं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात बी.ए.लाही ओजेटी आलं आहे, प्रत्यक्ष कामाचा अनुभव. चार श्रेयांक, एका श्रेयांकाला तीस तास या हिशेबाने १२० तास. कल्पना उत्तम आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण तालुक्याच्या गावात इतिहासाच्या साठ मुलांनी १२० तास कुठे जायचं, हे कुणी ठरवलं नाही तर काय होतं ते दिसतंच: ओळखीच्या दुकानाचं लेटरहेड, शिक्का, सही, आणि जर्नलसारखाच एक सुंदर अहवाल. त्याच गावात नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये फडक्यात बांधलेली दप्तरं पडून असतात. प्राध्यापकाने मुख्याधिकाऱ्यांकडे एक पत्र नेलं, पाच-पाच मुलांच्या तुकड्या केल्या, प्रत्येकीला एक दशक वाटून दिलं आणि रोज चार तास सूची करायला बसवलं, तर तीस दिवसांत १२० तास भरतात. धूळ फार असते, मास्क लागतो. पानं ठिसूळ असतात, कोरड्या हाताने, कडेला न ओढता उलटावी लागतात. थुंकी लावून पान उलटण्याची सवय पहिल्या दिवशी मोडावी लागते. शेवटी गावाला सूची मिळते, मुलांना वाचता येतं, आणि प्रमाणपत्र खरं असतं.

एमपीएससीच्या मुख्य परीक्षेचं वर्णनात्मक स्वरूप २०२३ मध्ये लागू होणार म्हटल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर आली आणि ते २०२५ पर्यंत पुढे गेलं. त्यांची मागणी तयारीला वेळ मिळावा अशी होती, आणि ती समजण्यासारखी होती. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. यातली बहुतेक मुलं पदवीधर होती. तीन वर्षं त्यांनी सत्रामागून सत्र लांब उत्तरंच लिहिली होती. तरीही एखाद्या प्रश्नावर स्वतःचं म्हणणं दीडशे शब्दांत मांडायचं तर त्यासाठी पुन्हा नव्याने क्लास लावावा लागणार होता. लिहिणं ही करिअरची तयारी होती आणि शिक्षणही होतं, आणि दोन्ही नावांखाली ते झालं नव्हतं.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. ॲप्टिट्यूडची तयारी तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग सहा आठवडे, रोज सकाळी दोन तास घ्यावी. साठ-सत्तर तास होतात आणि चाळणीपुरते ते पुरे आहेत. सत्र चालू असताना कंपनी आली तर मुलाखतीपुरती सुट्टी द्यावी, पण ट्रेनिंगसाठी लॅबचा तास कुणालाही देऊ नये, हे प्राचार्यांनी लेखी ठरवावं. प्रयोगांची संख्या कमी करावी. बारा प्रयोग उतरवण्यापेक्षा सहा करावे आणि जर्नलमध्ये मशीनसमोर बसून पेनने लिहिलेला, खाडाखोड असलेला कच्चा तक्ता जोडल्याशिवाय सही करू नये. चुकलेल्या निकालाला, त्याचं कारण लिहिलं असेल तर, पूर्ण गुण द्यावेत. ही शेवटची गोष्ट शिक्षकाच्या एकट्याच्या हातात आहे, आणि तिचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो, कारण उत्तर जुळवण्याची गरजच संपते.

पालकांच्या हातातही एक गोष्ट आहे. जी कॉलेजं एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांच्या क्रमवारीत भाग घेतात, त्यांनी पाठवलेली माहिती त्यांच्याच वेबसाइटवर ठेवलेली असते. कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचे पर्याय भरण्याआधी ती पीडीएफ उघडावी. फलकावर नसलेले आकडे तिथे एका तक्त्यात असतात: मंजूर जागा, प्रवेश घेतलेले, ठरलेल्या वर्षांत पास झालेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार, पुढे शिकायला गेलेले. बहुतेक जण थेट पगाराच्या रकान्याकडे जातात. त्याआधी प्रवेश घेतलेले आणि वेळेत पास झालेले, या दोन रकान्यांतली तफावत काढावी, तीही निदान तीन वर्षांची. ती मोठी असेल तर प्लेसमेंटच्या माणसांना भेटण्याआधी विभागप्रमुखांची वेळ घ्यावी आणि त्यांना विचारावं, ही मुलं कुठल्या विषयात अडकतात आणि तो विषय तुमच्याकडे कोण शिकवतं.